अडीच वाजताचे ठोके

आमच्या सोसायटीच्या वहीत माझ्या नावापुढे ‘निवृत्त परिचारिका’ असं लिहिलंय. ते अर्धंच खरं आहे. सव्वीस वर्षं मी अंधेरीपासून बोरीवलीपर्यंतच्या निरनिराळ्या प्रसूतिगृहांत लेबर रूमची सिस्टर होते. त्यानंतरची अकरा वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात बसून केस पेपर वाचले. बाळंतपणात बाळाला इजा झाली, तर त्यात कुणाचा हलगर्जीपणा होता का, हे कागदांवरून शोधायचं, असं ते काम. त्याला नाव नाही. सेक्रेटरी म्हणाले, “वकिलांची असिस्टंट लिहू का?” मी म्हटलं, राहू द्या. काम समजावून सांगितलं की समोरचा माणूस आपल्या सुनेच्या सिझेरियनची गोष्ट सुरू करतो, आणि तो डॉक्टर असेल तर घड्याळ बघतो.

मी एकटी राहते. लग्न केलं नाही. म्हणजे पाळ्या करता करता राहून गेलं. ज्यांच्याशी हे सगळं बोलावं अशी माणसंही आता फारशी उरलेली नाहीत. म्हणून लिहायचं कुणी सुचवलं तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. नावं मात्र बदलली आहेत.

सामंत वकिलांचं ऑफिस बोरीवली पश्चिमेला, एका फरसाणवाल्याच्या वर होतं. सकाळी अकराला खाली गाठिया तळायला घेत आणि नेमके तेव्हाच आमचे पक्षकार वर रडत असत. सामंतांनी मला ठेवलं ते डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं म्हणून. गुडघ्यांनी मला लेबर रूममधून बाहेर काढलं होतं, डोळे शाबूत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी एक पान पुढे केलं आणि विचारलं, “हे काय लिहिलंय, सांगू शकाल?” मी वाचून दाखवलं, आणि जे लिहिलेलं नव्हतं तेही सांगितलं. म्हणाले, “उद्यापासून या.”

आलेल्या माणसाला सामंत तीन गोष्टी विचारायचे. हॉस्पिटलला पैसे भरले होते का? किती दिवस झाले? आणि कागद कुठे आहेत? पैसे भरले असतील तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा. तिथे भरपाई मिळू शकते, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. उशीर झाला तर का झाला हे पटवून द्यावं लागतं. सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते अशा रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर ते दार बंद, मग दिवाणी कोर्ट, आणि तिथल्या तारखा. वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली तर डॉक्टरला ताकीद मिळते, फार तर काही काळ प्रॅक्टिस बंद होते, पण बाळाच्या औषधाला त्यातून काही येत नाही. पोलिसांत जायचं तर आधी सरकारी डॉक्टरांच्या समितीचं मत लागतं. संतापलेले बाप सगळ्यात आधी पोलिसांचंच नाव काढत. सामंत त्यांना पाणी देत आणि म्हणत, “डॉक्टर तुरुंगात गेला तर तुमच्या बाळाची फिजिओथेरपी कोण करणार? आधी हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या आणि कागद मागा. बहात्तर तासांत द्यावे लागतात. भांडण नंतर.”

माणसं तऱ्हेतऱ्हेची येत. मुलुंडचे एक आजोबा आले होते, त्यांचा नातू अगदी ठणठणीत, मांडीवर उड्या मारत होता. त्यांची तक्रार अशी की हॉस्पिटलने जन्मवेळ चार मिनिटं चुकीची लिहिली आणि त्यामुळे पोराला मंगळ आला. आपण दाराबाहेर घड्याळ घेऊन उभे होतो, म्हणाले. सामंतांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की ग्रहांवर आयोगाचं अधिकारक्षेत्र नाही. आजोबा मात्र त्यानंतर दोनदा येऊन चहा पिऊन गेले.

पण बहुतेकांना मला ‘नाही’च सांगावं लागायचं. बाळाला इजा झाली म्हणजे चूक झालीच असं नसतं. काही बाळांचं पोटातच बिनसलेलं असतं, कुणाच्याही हातात काही नसतं. हे सांगितलं की आईबापांना वाटायचं, ही बाई डॉक्टरांचीच. आणि ‘हो’ सांगितलं की डॉक्टरांना आणि माझ्या सिस्टर लोकांना वाटायचं, ही फितूर झाली. धोब्याचा कुत्रा म्हणतात ना, ना घरचा ना घाटचा, तशी गत.

संदीप जाधव लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. घर बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत. घरात ते, बायको कविता, आई, आणि मुलगी आर्या. त्यांचा फोन आला तेव्हा आर्या बावीस महिन्यांची होती आणि तिची मान धरलेली नव्हती. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने मान, हातपाय ताब्यात नसणं. आर्याला जन्मताना प्राणवायू कमी पडला होता. इतका उशीर का, असं मी विचारलं. म्हणाले, “डॉक्टर म्हणायचे, थांबा, काही मुलं उशिरा धरतात मान. आम्ही थांबलो ना मॅडम.” असेच सगळे थांबतात. दोन वर्षांतले बावीस महिने त्या थांबण्यातच जातात.

मी फोनवर विचारलं, फाईल मिळालीय का? मिळालीय, म्हणाले. त्यात एक लांब पट्टी आहे का, आलेखासारखी? आहे. मला आनंद झाला. कळा चालू असताना आईच्या पोटावर यंत्र लावतात, ते बाळाच्या हृदयाचे ठोके कागदाच्या पट्टीवर उमटवत जातं. नंतर लिहिलेलं काहीही असो, ती पट्टी खोटं बोलत नाही. मी त्यांना म्हटलं, “ती पट्टी फार महत्त्वाची आहे. नीट जपून ठेवा. सोमवारी सगळं घेऊन या.”

सोमवारी दोघं आले. संदीपनी पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. सगळे लॅमिनेट केलेले. डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, पावत्या, सगळं चकचकीत. शेवटी ती पट्टी काढली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी होती.

तो कागद दुकानातल्या बिलासारखा असतो. त्यावर शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटतं. लॅमिनेशनच्या गरम यंत्रातून काढला की सगळाच काळा होतो. आमच्याकडच्या माणसाला मोलाचा कागद म्हटला की लॅमिनेशनच सुचतं. रेशन कार्ड, जातीचा दाखला, मुलाची मार्कशीट, सगळं आपण तसंच जपतो.

“मशीनमधून बाहेर आली ती अशीच,” संदीप म्हणाले. “दुकानवाला बोलला, ओरिजिनलच काळी असेल. मॅडम, वाचता येईल ना?”

चूक माझी होती. लेबर रूममध्ये तो कागद आयुष्यभर हाताळलेल्या बाईने ‘जपून ठेवा’ म्हटलं आणि ‘आधी झेरॉक्स काढा’ म्हटलं नाही. मी तसं त्या दोघांना सांगितलं. संदीपनी मान डोलावली, पण पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक तारखेला ते एकदा तरी म्हणायचे, “मीच घाण केली ना सगळी.”

 निघताना कविता दारात थांबली. “सिस्टर, डॉक्टर बोलले की मी जोर नीट लावला नाही, म्हणून बाळ अडकलं. घरी सासूबाईपण तेच बोलतात. खरंय का?”

मी तेव्हा तिथे नव्हते. कागद अजून वाचले नव्हते. मी म्हटलं, “ते आयोग ठरवेल.” हे वाक्य मला आजही खुपतं.

पट्टी गेली, उरला नर्सिंग चार्ट. कळा सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासाने सिस्टरने बाळाचे ठोके मोजून त्यात लिहायचे. आर्याच्या चार्टवर सगळं छान होतं. अकरा वाजता एकशे चाळीस, साडेअकराला एकशे बेचाळीस, पुढेही तसंच. इतकं छान की संशय यावा. बाळ जन्मलं दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, न रडता, निळं. आणि चार्टवर शेवटची नोंद होती: अडीच वाजता, पोटातले ठोके एकशे चाळीस.

बाळ पोटातून बाहेर येऊन वीस मिनिटं झाली होती.

सामंत खुर्चीतून उठलेच. मी मात्र बसून राहिले. असा आकडा कधी पडतो ते मला माहीत होतं. वेळेवर लिहायला सवड झाली नाही की सिस्टर बाळंतपण झाल्यावर सगळा रकाना एका बैठकीत भरते. हात वाहत जातो आणि एक नोंद जास्त पडते. हे मला ठाऊक होतं, कारण मी ते केलेलं होतं. आणि दुसरं म्हणजे अक्षर. सातच्या पोटात आडवी रेघ, प्रत्येक वेळेखाली दोन टिंबं. ही सवय माझी. मी ती एकाच मुलीला लावली होती.

सिल्विया गोराईची. खाडीपलीकडून होडीने ड्युटीला यायची. अठरा-एकोणीस वर्षांची असताना माझ्या हाताखाली आली. मला ‘परब सिस्टर’ म्हणायची आणि पुढे लगेच ‘तू’. तिच्या घरी आईबापालाही तूच म्हणत. मी तिला शिकवलं होतं, आधी बाई बघ, कागद नंतर. हात रिकामा नसेल तर ग्लोव्हजच्या पाकिटाच्या कागदावर वेळ आणि आकडा टाकून ठेव, मागाहून चार्टवर उतरव. लेबर रूममध्ये सगळ्याच सिस्टर असं करतात. टेबलावर पाकिटं पडलेलीच असतात, आतला कागद पांढरा, पेन खिशात. बाळंतपण झालं की तो कागद कचऱ्याच्या बादलीत जातो. दर नाताळला ती मला नेवऱ्या आणि कलकल अशा गोडाचा डबा पाठवायची. आर्या जन्मली त्या नर्सिंग होममध्ये ती लागल्याचं मला माहीत होतं. त्या दिवशी ड्युटीवर तीच होती, हे मला चार्टने सांगितलं.

मी सामंतांना सगळं सांगितलं. म्हटलं, मी तिला भेटून येते.

“अजिबात नाही,” ते म्हणाले. “ती त्यांची साक्षीदार होणार. तुम्ही भेटलात की ते म्हणतील, फितवली. केस तिथेच संपेल. केस निकालात निघेपर्यंत फोनसुद्धा करायचा नाही.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तक्रार डॉक्टर आणि नर्सिंग होमविरुद्ध केली, सिल्वियाविरुद्ध नाही, एवढं मी मागून घेतलं. दोन वर्षं पुरी व्हायला तीन आठवडे असताना ती दाखल झाली. काही महिन्यांनी त्यांचं उत्तर आलं. सोबत सिल्वियाचं प्रतिज्ञापत्र, इंग्रजीत टाइप केलेलं, खाली तिची सही: सगळ्या नोंदी मी वेळच्या वेळी केल्या. डॉक्टरांच्या उत्तरात आणखी एक वाक्य होतं. रुग्णाने प्रसूतीच्या वेळी सहकार्य केलं नाही.

त्याच सुमारास एका दुपारी मी गोराईच्या जेट्टीवर गेले. तिकीट काढलं. पलीकडून बोट आली, माणसं आणि स्कूटर उतरल्या. मी तशीच उभी राहिले आणि बोट भरून परत गेली. तिकीट पर्समध्ये ठेवून घरी आले. सामंतांना काही बोलले नाही.

डॉक्टरांविरुद्ध मत द्यायला दुसरा डॉक्टर लागतो, आणि जवळपासचा सहसा मिळत नाही. उद्या एकाच समारंभात जेवायचं असतं ना. सामंतांनी बाहेरगावचे एक निवृत्त डॉक्टर शोधले. चार्ट कसा भरला जातो, यावर मात्र माझं प्रतिज्ञापत्र होतं. मी लिहिलं की हा चार्ट मागाहून एका बैठकीत भरला आहे, अडीचची नोंद हात वाहवल्याने पडली आहे.

आयोगापुढे उलटतपासणी बहुतेक वेळा लेखी होते. समोरचे वकील प्रश्नांची यादी देतात, आपण शपथेवर उत्तरं लिहून द्यायची. मला वाटायचं हे बरं, उभं राहून कुणाच्या डोळ्यांत बघायला नको. पण घरी एकटीने जेवणाच्या टेबलावर ती यादी घेऊन बसल्यावर कळलं की हेच जास्त वाईट. सतरावा प्रश्न होता: तुम्ही स्वतः नोकरीत असताना कधी अशा नोंदी मागाहून भरल्या आहेत का?

‘नाही’ लिहिलं तर खोटी शपथ, आणि मग हे तुम्हाला कसं कळलं, असा पुढचा प्रश्न. ‘हो’ लिहिलं तर सव्वीस वर्षांच्या नोकरीवर मीच शाई ओतणार. त्या सकाळी मला अंधेरीतली एक बाई आठवत राहिली. त्या दिवशी तीन बाळंतपणं एकदम आली होती. तिच्या बाळाचे ठोके मी बराच वेळ ऐकलेच नव्हते आणि मागाहून चार्टवर सुंदर आकडे भरले होते. बाळ उशिरा रडलं. रडलं, म्हणून आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. ते मूल पुढे कसं वाढलं, मान कधी धरली, मला माहीत नाही. कुणी मला विचारायला आलं नाही.

मी लिहिलं: होय, अनेकदा.

ते उत्तर बाहेर पसरायला आठवडाही लागला नाही. जुन्या सिस्टर लोकांचा फोनवर एक ग्रुप होता, वाढदिवस आणि देवांचे फोटो यायचे. त्यातून मला काढलं. एकीचा फोन आला, “मालती, तुझं पेन्शन सुरू आहे, आमच्या नोकऱ्या आहेत गं.” मला पेन्शन नव्हतं. त्या नाताळला डबा आला नाही. पुढेही नाही. पंचवीस डिसेंबरला मी संध्याकाळपर्यंत घरातच थांबत असे, उगाच.

मग तारखा. कधी समोरचे वकील आजारी, कधी सदस्यांची जागा रिकामी. सुरुवातीला आर्या कडेवरून यायची, नंतर कविताला झेपेना, तेव्हा व्हीलचेअर आली. अपंगत्वाचा दाखला काढायला आम्ही तिघी एकत्र गेलो होतो. आर्या हसायची छान. पंखा बघून हसायची. कविताला तिची सोडून कुणाची सोबत नव्हती. बायका मुलं घेऊन बागेत बसत, ही तिथे एकदा गेली आणि परत गेली नाही. अधूनमधून ती ऑफिसात नुसतीच येऊन बसायची. मी चहा मागवायचे. 

आर्या अकरा वर्षांची असताना निकाल लागला. आम्ही जिंकलो. अडीच वाजताच्या नोंदीवरून चार्ट विश्वासार्ह नाही, पट्टीची प्रत हॉस्पिटलनेही जपली नाही, डॉक्टर वेळेवर हजर असल्याचा पुरावा नाही, असं आयोगाने म्हटलं. समोरच्यांनी अपील केलं आणि मग तडजोड करून मागे घेतलं. रक्कम आर्याच्या नावे बँकेत ठेवायची, दर महिन्याला व्याज आईला. सामंतांना हे पाहायला मिळालं, त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले. ऑफिस बंद झालं. खालचा फरसाणवाला अजून आहे.

निकालाचे कागद घेऊन कविता माझ्या घरी आली. “मराठीत सांगा,” म्हणाली. मी सगळी पानं सांगितली. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “जोराचं कुठे लिहिलंय?”

मी परत पानं चाळली. एका परिच्छेदात एक ओळ होती: रुग्णाच्या सहकार्याच्या मुद्द्यात शिरण्याची आवश्यकता आम्हाला वाटत नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे त्यांनी तो विषय सोडून दिला.”

“बरं,” कविता म्हणाली आणि कागद पिशवीत भरले. ती गेल्यावर मला घरात बसवेना. कायद्याची वाट आम्ही शेवटपर्यंत चाललो होतो, मुलीची सोयही झाली, आणि ही बाई दहा वर्षांपूर्वी दारात जो प्रश्न घेऊन उभी होती तोच घेऊन परत गेली. केस संपली होती. आता मला कुणी अडवणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोराईची बोट धरली.

सिल्विया ओट्यावर सुक्या मासळीवरून कावळे हाकत होती. केस पांढरे झालेले. नर्सिंग होम बंद पडलं होतं, डॉक्टर मुलाकडे परदेशी गेले होते, हे तिच्याकडूनच कळलं. तिने मला बघितलं आणि आत जाऊन खुर्ची आणली.

बराच वेळ आम्ही खाडीची भरती-ओहोटी बोललो. मग मीच म्हटलं, “मी तुझ्याविरुद्ध लिहिलं.”

“वाचलं मी. त्यांच्या वकिलाने दाखवलं. तू लिहिलंस, हात वाहवला.” ती कावळ्याकडे बघत होती. “हात नव्हता वाहवला, परब सिस्टर. मी मुद्दाम टाकला अडीचचा आकडा.”

मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“डॉक्टर बाजूला उभा होता. बोलला, सगळं नॉर्मल होतं तसा चार्ट भर. माझा नवरा तेव्हा घरी बसलेला, दोन पोरं शाळेत. मी भरला. सगळं खोटं लिहिलं. शेवटी एक आकडा असा टाकला की वाचणाऱ्याला कळावं. तो बघत होता पण त्याला नाही समजलं. वाटलं, कोणीतरी वाचेल कधीतरी. ती तू असशील हे कुठे माहीत होतं?”

मी दहा वर्षं तिला निष्काळजी समजत होते. तसं शपथेवर लिहून दिलं होतं. मी केलं तेच तिनेही केलं असणार, एवढंच मला सुचलं होतं.

“तू आली असतीस तर मीपण खरं लिहिलं असतं,” सिल्विया म्हणाली. “एकटीने नाही जमलं. तू वाट बघायला लावलीस.”

“वकिलांनी भेटायला मना केलं होतं.”

“ते बरोबरच केलं असेल,” ती म्हणाली आणि आत गेली. परत आली तेव्हा हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं. त्यातून तिने घडी घातलेला कागद काढला. ग्लोव्हजच्या पाकिटाचा, कडा पिवळ्या पडलेल्या. प्रत्येक वेळेखाली दोन टिंबं.

बारा चाळीस, ठोके शहाण्णव. सलाईनमधलं कळांचं औषध बंद. ऑक्सिजन लावला. डॉक्टरांना फोन, दुसऱ्या दवाखान्यात ओपीडी चालू. एक पाच, ठोके अठ्ठ्याऐंशी, फोन. दीड, फोन, निघतो म्हणाले. पुन्हा फोन, उचलला नाही. आणि त्याखाली, पावणेदोनची एक ओळ. ती मी दोनदा वाचली.

“सिल्विया, मी हा नेऊ?”

“त्या बाईकडे? ने ना.” मग म्हणाली, “मी नाही येणार. तिला तोंड नाही दाखवता येणार मला. तू सांग, मी होते तिथे. तिचा हात धरला होता.”

मी जेट्टीवरून थेट जाधवांच्या घरी गेले. संदीप नुकतेच कामावरून आले होते. आर्या खुर्चीत, पंख्याखाली. कविता भाकऱ्या थापत होती. मी तिला हात धुवायला सांगितलं आणि शेजारी बसवलं. हा कागद काय आहे, कुणी लिहिला, का लपवून ठेवला, सगळं सांगितलं. मग त्या ओळीवर बोट ठेवलं. सिस्टर लोकांची भाषा, तुटक इंग्रजी: पेशंट को-ऑपरेटिव्ह. पुशिंग वेल.

“म्हणजे काय?”

“म्हणजे बाई सांगितलेलं सगळं करतेय. जोर नीट लावतेय. खूप चांगला लावतेय.”

कविता त्या अक्षरांकडे बघत राहिली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी बघत होती. मग तिने मागे वळून हाक मारली, “आई, जरा इकडे या.”

सासूबाई आतून आल्या, पदराला हात पुसत. कविता म्हणाली, “सिस्टर, परत वाचा. मोठ्याने.”

मी परत वाचलं. मोठ्याने, मराठीत, वेळेसकट. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.  आर्या पंख्याकडे बघून हसत होती. कविता उठली, तव्यावरची भाकरी करपत होती ती उतरवली, आणि तिथेच ओट्याकडे तोंड करून रडली. दहा वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

निघताना संदीप दारात कागद दोन्ही हातांत धरून उभे होते. चाचरत म्हणाले, “सिस्टर, ह्याला... लॅमिनेशन चालतं का?”

मी कागद परत एकदा हातात घेऊन पाहिला. साधा कागद, पेनाची शाई.

“ह्याला चालतं,” मी म्हटलं. “पण आधी झेरॉक्स काढा. दोन. एक मला गोराईला द्यायचीय.”